एकवीस चाळीसवरची जागा

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात माझ्या मायची एक जागा होती. चहाच्या हॉटेलाच्या भिंतीला लागून, लिंबाच्या सावलीत. तिथं पोतं अंथरून ती मेथी, शेपू, कांद्याची पात विकायची. ती जागा तिची आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेजारच्या लसूणवाल्याला माहीत होतं, समोरच्या मिरचीवालीला माहीत होतं, आणि बाजाराची बैठक, म्हणजे बसायचे पैसे, वसूल करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसालाही माहीत होतं. माझे वडील, आबा, वारले तेव्हा दिवस होईपर्यंत माय बाजारात गेली नाही. नंतर गेली तर तिच्या जागी दुसरीच बाई प्लॅस्टिकचे डबे मांडून बसलेली.

“ऊठ बाई, माही जागा हाय ही,” माय म्हणाली.

“तुहं नाव लिव्हलंय का हितं?” ती बाई म्हणाली.

माय भांडली. जोरात भांडली. शेवटी बैठकवाल्याला मध्ये घातलं. तो इतकी वर्षं तिच्याच हातून बैठक घेत आलेला. तो मान खाजवत म्हणाला, “मावशी, मला माहीत हाय वं. पण नुसतं माहीत असून काय करता? कुठं नोंद न्हाई.” त्या दिवसापासून माय बाजाराच्या पार टोकाला, नालीजवळ बसू लागली. माणसं टोकाला पोचतात तोवर त्यांच्या पिशव्या भरलेल्या असतात. उरलेली मेथी संध्याकाळी घरी परत यायची आणि आम्ही दोघी तीच खायचो. मला आजही ताटात मेथी चालत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी तिथं त्या नालीजवळच्या भाजीच्या पैशांवर गेले, हे मी कोणापासून लपवत नाही.

हे आधी सांगितलं, कारण नकाशे सरांकडे मला नोकरी लागली ती माझ्या मार्कांवर नाही. या जागेच्या गोष्टीवर लागली.

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, त्यांना पाकिटात बी तोलून भरणारी मशिनं लागतात, आणि ती मशिनं बनवणारी एक कंपनी औद्योगिक वसाहतीत होती. मशीनच्या आतल्या कंट्रोलरचा प्रोग्राम नकाशे सर लिहीत. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन, फाईल छातीशी धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी फाईल उघडली नाही. नावही विचारलं नाही. म्हणाले, “कुठली?”

“तीर्थपुरी.”

“बस, तीर्थपुरी.” आणि समोर एक कागद ओढून त्यांनी त्यावर उभा लांबट चौकोन काढला. “ही मेमरी. काट्याच्या वजनाचा एक आकडा आहे, तो मला नेहमी याच घरात सापडला पाहिजे. मशीन कोणतंही असो, प्रोग्राम नवा असो, जुना असो. कसं करशील?”

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. पॉइंटर घ्यायचा, त्याला तो पत्ता द्यायचा, आकडा तिथं लिहायचा.

“लिहिलास. मंग उद्या दुसराच कोणी तिथं येऊन बसला तर?”

पुस्तकात पुढचं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप मायची गोष्ट निघाली. हॉटेलाची भिंत, लिंब, डबेवाली, बैठकवाला. मध्येच मला वाटलं की मी हे काय सांगून राहिले. पण सर पेन्सिल खाली ठेवून ऐकत होते. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्यासोबत काम केलं. मध्ये न तोडता त्यांनी दुसऱ्याचं ऐकलेलं मी फारसं पाहिलं नाही.

“मंग काय केलं तुझ्या मायनं?”

“भांडली.”

“भांडून मिळाली जागा?”

“नाही.”

“बराबर,” सर म्हणाले. “उद्यापासून ये.”

माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची ही त्यांची सवयच होती. मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरणारे रफिकभाई म्हणजे ‘परतूर’. मी ‘तीर्थपुरी’. एकदा मी चिडून म्हटलं, “सर, मला नाव आहे.” ते म्हणाले, “असू दे की. नाव माणसाच्या सोयीसाठी असतं. तू प्रोग्राममध्ये कितीही गोड नाव दे, चिपला ते कळत नाही. चिपला फक्त पत्ता कळतो.” त्यांचं खरं आडनाव अंबडकर. “आमच्या नावातच पत्ता आहे, आम्हांला वेगळं काही लागत नाही,” असं ते मिशीत हसून म्हणत. पण कंपनीत अंबडकर कोणालाच ठाऊक नव्हते. कुरिअरवालासुद्धा ‘श्री. नकाशे’ म्हणूनच पाकीट द्यायचा.

नकाशे हे नाव पडलं त्यांच्या भिंतीमुळं. टेबलामागच्या पूर्ण भिंतीवर आलेखाच्या कागदाला कागद जोडून त्यांनी कंट्रोलरच्या मेमरीचा नकाशा लावला होता. एकेक घर, त्याचा पत्ता, त्यात राहणारा आकडा. ज्याला कुठंही जागा मिळाली तरी चालते तो निळ्या पेन्सिलीनं. ज्यानं हलायचंच नाही तो लाल. लाल घरं थोडी होती. काट्याचा शून्य, काट्याचा गुणक, मशीनचा क्रमांक, असली. त्यांतलं सगळ्यांत जुनं घर एकवीस चाळीस. काट्यावर पडलेल्या भाराचे ग्रॅम किती, हे ज्या गुणकानं ठरतं तो तिथं राहायचा. मशीन बंद केलं तरी छोट्या बॅटरीच्या जोरावर तो जागच्या जागी टिकायचा.

जागा पक्की ठेवायचा एवढा अट्टहास का, ते मला रफिकभाईंमुळं कळलं. त्यांच्याकडं हातात मावेल असा एक डबा असायचा. तो मशीनला जोडायचा, पत्ता दाबायचा, तिथला आकडा दिसायचा. चुकला असला तर तिथंच दुरुस्त करायचा. रफिकभाईंना प्रोग्राममधलं काही येत नव्हतं आणि त्यांना ते शिकायचंही नव्हतं. त्यांना पत्ते पाठ होते. मंठ्याच्या गोदामातलं मशीन जुनं, जाफराबादचं नवं, पण एकवीस चाळीस दोन्हीकडं एकवीस चाळीसच. “प्रोग्राम बदला, चिप बदला, मालक बदला,” सर म्हणायचे, “परतूरच्या बोटाला सवय झालीय ती बदलायची नाही.”

सर चांगले होते असं मी म्हणणार नाही. तोंड फार वाईट. माझ्या पहिल्या प्रोग्रामवर त्यांनी एवढाच शेरा मारला: “कॉलेजनं तुला टायपिंग बिलकुल चांगलं शिकवलं.” कोणी त्यांच्या खुर्चीवर टेकलं की ते काही बोलायचे नाहीत, नुसते येऊन त्या माणसाच्या अगदी समोर उभे राहायचे, तो उठेपर्यंत. शेंगदाणे खायचे आणि टरफलं माझ्या टेबलाकडं सरकवायचे. कौतुक नावाची गोष्ट त्यांच्या मेमरीत नव्हतीच. मात्र एक धडा त्यांनी मला इतक्या वेळा दिला की तो झोपेतही म्हणता येईल. प्रोग्राम तयार होताना सगळ्या आकड्यांना मेमरीत जागा वाटून देणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला लिंकर म्हणतात. सर म्हणायचे, “तू जागा घेतलीस, हे तुला माहीत. मला माहीत. पण वाटप करणारा लिंकर आहे. त्याच्या फायलीत लिहून ठेव की ही घरं राखीव. त्यांचा वेगळा सेक्शन, म्हणजे कप्पा, बांध. त्याला सांगितलं नाहीस तर तो तुझ्या मांडीवर दुसरा आणून बसवील, आणि त्याची काही चूक नसेल.”

कंपनी शेठची होती. शेठ आणि सर लहानपणापासूनचे मित्र. नव्या जालन्यात स्टेशनच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी पहिलं मशीन बनवलं. शेठनं लोखंड आणलं, सरांनी कंट्रोलर. ही गोष्ट शेठ प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि शेवटी सरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, “याची जागा पक्की. नवीन कारखाना झाला की कंट्रोलरचं खातं याचं. मी फक्त लोखंड बघणार.” खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पाने, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, माझा लॅपटॉपसुद्धा झेंडूत बसायचा. नारळ फोडायचा मान सरांचा. शेठ स्वतः नारळ त्यांच्या हातात द्यायचे. सर त्या दिवशी इस्तरीचा शर्ट घालून यायचे आणि तो एकच दिवस असा होता, की ते कोणाला टोमणा मारत नसत.

मला नोकरी लागून काही महिने झाले होते. एक दिवस त्यांनी विचारलं, “तुला नियुक्तीचा कागद दिला का?”

“शेठ म्हणाले, देऊ. तोंडी झालंय.”

सरांचा चेहरा लालबुंद झाला. मला दंडाला धरून नाही, पण तसंच काहीतरी करत, ते शेठच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

“शेठ, या पोरीला कागद द्या. आत्ता.”

“अरे बाबा, पळून चाललीय का ती?”

“ती नाही पळणार. तुम्ही पळाल.”

शेठ पोट धरून हसले. “बघा, याला माझा भरोसा नाही!” पण कागद टाइप झाला, शिक्का बसला. जिन्यावर मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. आमच्या घरात आमचं नाव असलेला असा कागद कधी आला नव्हता. मग माझ्या मनात आलं ते मी बोलून गेले.

“सर, तुमचा कागद कसा आहे?”

“माझा?” ते थांबून माझ्याकडं बघू लागले, जसं काही मी त्यांना त्यांच्या बायकोचं नाव विचारलं होतं. “मी आणि शेठ एका ताटात जेवलोय. मला कागद कशाला? सगळ्यांना माहीत आहे.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. बाजारात, लिंबाखाली. पण मी तेव्हा नवी होते आणि माझ्या हातातला कागद अजून गरम होता. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

पुढं शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला. त्याला सगळे छोटे शेठ म्हणत. वाईट नव्हता, घाईत होता. पुण्यातली काही मोठी मंडळी आपली कंपनी विकत घेणार, नवा कारखाना त्यांच्याच पैशानं उभा राहणार, अशी बोलणी त्यानं सुरू केली. सर खूश होते. आपलं खातं आता होणार म्हणून त्यांनी नव्या कारखान्यातल्या खोलीचा नकाशा काढून मला दाखवला. भिंत कुठली, टेबल कुठलं. त्यातही आपली खुर्ची लाल पेन्सिलीनं. मी म्हटलं, “सर, आत्ताच शेठकडून लिहून घ्या.” ते म्हणाले, “तीर्थपुरी, तू फार कागदी झालीस.”

त्याच उन्हाळ्यात छोट्या शेठनं नवी मागणी केली. भरलेल्या पाकिटांची वजनं मशीननं लक्षात ठेवावीत आणि ती मोबाईलवर दिसावीत. पाहुण्यांना दाखवायला बरं. सरांनी ते काम मला दिलं. मी वजनांची एक लांब रांग मेमरीत ठेवली, रीतसर, लिंकरकडून जागा घेऊन. सरांनी तपासलं, पास केलं. मशिनं गेली.

पेरणीचे दिवस आले. परतूरच्या एका बियाणे गोदामातून रफिकभाईंचा फोन.

“मॅडम, हे मशीन गडबड करून राह्यलंय. सकाळी बराबर तोलतं. दुपार झाली की पाकीट हलकं भरतं. मी आकडा बराबर करून देतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.”

सरांनी फोन घेतला. “ऊन लागत असेल काट्याला. पडदा लाव.”

पडदा लावला. मग उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून वायर बदलली. मग गोदामाच्या विजेवर खापर फुटलं. दरम्यान बियाणे कंपनीनं गाडी थांबवली, हलकी पाकिटं फोडून पुन्हा भरायला बसवली. शेतकरी दुकानात बी मागायला उभे आणि बी गोदामात. छोटे शेठ तासातासाला येऊन विचारू लागले. सर त्यांच्याकडं न बघता म्हणायचे, “मशीन माझं आहे. मला कळतं.”

मला मात्र ते ‘दुपार’ टोचत होतं. दुपार म्हणजे ऊन नसेल, दुपार म्हणजे बरीच पाकिटं भरून झाली असतील. माझी वजनांची रांग तोवर भरत येत असेल. लिंकर प्रोग्राम बनवताना एक फाईल देतो, कोणाला कुठली जागा दिली त्याची. ती मी उघडली. माझी रांग कुठं सुरू होते ते सापडलं. कुठं संपते ते मोजलं. रांगेच्या शेपटाकडचं एक घर होतं एकवीस चाळीस.

मी पुन्हा मोजलं. मग सरांना हाक मारली.

“सर, एकवीस चाळीसवर माझी रांग आलीय. रांग तिथपर्यंत भरली की तुमच्या गुणकावर वजन लिहिलं जातं.”

“नाही येणार,” सर स्क्रीनकडं न बघताच म्हणाले. “ती जागा माझी आहे.”

“राखीव घरांत ती दिसत नाही, सर. बाकीची लाल घरं आहेत. ही नाही.”

तेव्हा ते आले. चष्मा वर सरकवून खाली वाकले. लिंकरच्या फायलीत वरून खाली, खालून वर बोट फिरवलं. ते घर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेलं, पहिल्या मशीनसाठी. नुसता पॉइंटर, नुसता पत्ता. तेव्हा प्रोग्राम एवढासा होता, लिंकर खालून जागा वाटत यायचा आणि एकवीस चाळीसपर्यंत कधी पोचायचाच नाही. पुढची लाल घरं त्यांनी एकेक करून नीट बांधली. या घराला हात लावायची गरजच वाटली नाही. ते तर आपलंच.

मला वाटलं आता माझ्यावर फुटतील. मग ते अगदी हळू म्हणाले, “सगळ्यांना माहीत होतं. फक्त लिंकरला सांगायचं राहिलं.”

“सर, मी रांग दुसरीकडं...”

“तुझी चूक नाही. तू रीतसर आलीस. बेकायदा मीच बसलो होतो.”

आम्ही प्रोग्राम दुरुस्त केला. घाईत होतो म्हणून तेव्हा माझी रांगच आखूड केली, म्हणजे एकवीस चाळीसपर्यंत ती पोचणार नाही. रफिकभाई गोदामागोदामांतून फिरून सगळीकडं नवा प्रोग्राम घालून आले. पाकिटं बरोबर भरू लागली, गाड्या निघाल्या. बियाणे कंपनीचं नुकसान झालं ते थोडकं. पण छोट्या शेठच्या हातात एक गोष्ट आली.

पुण्याच्या पाहुण्यांची बैठक शेठच्या केबिनमध्ये झाली. सरांनी खंडेनवमीचा इस्तरीचा शर्ट घातला होता. मी मशीनची माहिती दाखवायला म्हणून भिंतीशी उभी होते. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, “कंट्रोलर विभागाचे प्रमुख कोण?”

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. शेठचा ड्रायव्हर दारात होता, त्यानंही पाहिलं. सर खुर्चीत थोडे पुढं सरकले.

छोटे शेठ म्हणाले, “काका आमचे सल्लागार आहेत. तसे बाहेरचे. आता जूनमध्ये जो घोळ झाला तो जुन्या पद्धतीचाच होता. विभाग आम्ही नव्यानं बांधतोय.”

बाहेरचे. हा शब्द त्यानं काही रागानं उच्चारला नाही. कागदावर बघून वाचावा तसा उच्चारला, आणि कागदावर तसंच होतं. सरांना दर महिन्याला शेठकडून परस्पर पैसे मिळायचे. कंपनीच्या दप्तरात ते कोणीच नव्हते. सरांनी छोट्या शेठकडं पाहिलंच नाही. ते शेठकडं बघत होते. मित्रानं एक वाक्य बोलायचं होतं. तेच वाक्य, जे ते प्रत्येक पाहुण्याला फुकट सांगत आले होते.

शेठनं पंख्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. म्हणाले, “अरे, चहा सांगा रे.”

त्या चहाची कडू चव आजही माझ्या तोंडात आहे. शेठला मी माफ केलेलं नाही. ते आता थकले आहेत, कंपनीत येतात तेव्हा माझ्याकडं बघून हसतात, मी नमस्कार करते. माफ केलेलं नाही.

बैठक उठली. सर खाली येऊन त्यांच्या टेबलाशी उभे राहिले. शेंगदाण्याची पुडी खिशात घातली, पेन्सिली घेतल्या, लाल आणि निळी. मला वाटत होतं, त्यांनी वर जावं. ओरडावं. शेठच्या समोर जाऊन नुसतं उभं राहावं, त्यांच्या खुर्चीवर टेकणाऱ्यासमोर राहायचे तसं.

“सर, काहीतरी बोला ना. असे कसे निघालात?”

“भांडून जागा मिळत नाही. तूच सांगितलंस पहिल्या दिवशी.” जिन्यापर्यंत गेले आणि वळले. “पण तुझ्या मायनं भांडण तरी केलं.”

भिंतीवरचा नकाशा त्यांनी काढला नाही. तो पुढं रंगकाम करणाऱ्यांनी काढला. मला कळलं तोवर त्यांनी त्यावर रंगाचे डबे ठेवले होते.

प्रमुखाची जागा मला देऊ केली गेली. पाहुण्या बाईंनीच नाव सुचवलं; परतूरच्या मशीनचा दोष कोणी शोधला ते त्यांनी विचारून घेतलं होतं. रफिकभाई म्हणाले, “मॅडम, तुमी न्हाई घेतली तर दुसरा कोणी येईल.” मी त्या सबबीच्या आडोशाला गेले नाही. मला ती जागा हवी होती म्हणून घेतली. नालीजवळून आलेल्या माणसाला समोर आलेली जागा नाकारायची ऐपत नसते. सह्या करायच्या आधी कागदातली प्रत्येक ओळ वाचली, दोन ओळी बदलायला लावल्या. छोटे शेठ हसून म्हणाले, “अगदी काकांची शिष्या.” मी म्हटलं, “हो. त्यांनी शिकवलं ते केलं. त्यांनी केलं ते नाही.” त्यांचं हसू मावळलं. तेवढं मला त्या दिवशी मिळालं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला छोट्या शेठनं नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. एका फटक्यात फुटला नाही. कोणीतरी मागून म्हणालं, “नकाशे असते तर...” आणि वाक्य तिथंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं घेऊन मी जुन्या जालन्यात सरांच्या घरी गेले. कंपनीतल्या कोणाचा फोन ते उचलत नव्हते. दार काकूंनी उघडलं. सर ओसरीवर बसलेले, दाढी वाढलेली, समोर वर्तमानपत्र. ते वाचत नव्हते. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन पाया पडले. त्यांनी विचारपूस केली नाही. कंपनीचं, शेठचं, कशाचंच नाव काढलं नाही. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाले, “ही तीर्थपुरी.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

“एकवीस चाळीस?”

“बांधली, सर. तेव्हाची तात्पुरती मलमपट्टी काढून टाकली. लिंकरच्या फायलीत राखीव सेक्शन केला.”

“सेक्शनला नाव काय दिलंस?”

सेक्शनला काहीतरी नाव द्यावंच लागतं. मी म्हटलं, “अंबडकर.”

त्यांनी पानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काकू आमच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांना काय चाललंय ते कळेना.

“नाव चिपमध्ये जात नाही,” सर म्हणाले.

“माहीत आहे, सर.”

“फायलीतच राहतं. मशीनला फक्त पत्ता कळतो.”

“तुम्हीच शिकवलंत.”

“मंग कशाला दिलंस?” असं म्हणून ते आत निघून गेले. चहा तसाच राहिला. काकू म्हणाल्या, “त्यांचं मनावर घेऊ नको गं.” मी म्हटलं, त्यांचं मी मनावर घेतलं म्हणूनच इथवर आले. त्यानंतर मी पुन्हा गेले, पण सर मला भेटायला बाहेर आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. कंपनीत श्रद्धांजलीला एक मिनिट उभं राहायचं ठरलं तेव्हा नव्या मंडळींपैकी एकानं मला विचारलं, “अंबडकर म्हणजे कोण?”

तीर्थपुरीच्या बाजारात ग्रामपंचायतीनं ओटे बांधले आहेत. हॉटेलाच्या भिंतीजवळचा एक मायच्या नावावर आहे, मी स्वतः जाऊन नोंद करून घेतली. मी कंट्रोलर विभागाची प्रमुख आहे, कागदावर. आणि आमच्या कुठल्याही मशीनमध्ये एकवीस चाळीसवर आता दुसरं कोणी बसू शकत नाही.